दोराच्या कोनात

भुईगाव,
२७ मार्च २०२५

प्रिय प्लासिड,

पाकिटातून माझं अक्षर निघालेलं बघून तू आधी हसशील आणि मग घाबरशील. भुईगावातून सांडोरला पत्र कोण लिहितं? स्कूटरवर बसलो तर तुझ्याकडे चहा पिऊन तासाभरात मी घरी परत येतो. पण या आठवड्यात तीनदा तुझ्या फाटकापर्यंत आलो आणि तिथूनच स्कूटर वळवली. तिसऱ्या वेळी तर इझाबेल वहिनींनी मला पाहिलं. त्यांनी केळीतून हाक मारली आणि मी ऐकू न आल्यासारखं करून निघून आलो. घरी येऊन मंदाला हे सांगितलं तर ती म्हणाली, तोंडाने जमत नसेल तर लिहून टाका, पण आता टाका. म्हणून बसलोय. मला एका जागी अर्धा तास बसवत नाही हे तुला माहीत आहे, तेव्हा पुढे पुढे अक्षर बिघडलं तर चालवून घे.

आधी विंचची बातमी देतो, कारण ती द्यायला सोपी आहे. विंच घेतली. चांदीपच्या रामनाथने त्याच्या जमिनीतल्या सागाची तोडणी मला दिलीय. परवानगीचे कागद झाले, झाडांवर नंबर पडले. पण साग आहे ओहोळाच्या उतारावर आणि रस्ता आहे वर. ट्रॅक्टर खाली नेला तर तोच वर काढायला दुसरा ट्रॅक्टर लागेल. म्हणजे ट्रॅक्टर रस्त्याच्या कडेला उभा करायचा आणि त्याच्या मागे बसवलेल्या विंचने एकेक ओंडका वर ओढून घ्यायचा. आपली ती जुनी, गावातच वेल्डिंग करून घेतलेली विंच मी अपघातानंतर आठ दिवसांत भंगारात घातली होती. तू तेव्हा म्हणाला होतास, बिचारीने काय केलं होतं तुझं?

वाड्याच्या रस्त्यावर एक डीलर आहे, त्याच्याकडे मी आणि रोवेना गेलो. तू तिला ‘फक्त बघायला’ म्हणून सोडलं होतंस, आणि पोरीने शब्द पाळला, कशाला हात लावला नाही. तोंड मात्र गप्प ठेवलं नाही. मी माझ्या स्वभावाप्रमाणे सगळ्यात मोठीसमोर जाऊन उभा राहिलो. आठ टनांची, लाल, नवी कोरी. सेल्समन गळ्यात टाय घालून तिचं कौतुक करत होता, आणि मी मनातल्या मनात रामनाथचा अख्खा साग एका दिवसात वर काढत होतो. तू असतास तर माझा दंड धरून मागे ओढलं असतंस. तू नव्हतास, तर तुझ्या लेकीने ते काम केलं. ट्रॅक्टरचं वजन किती, तिने विचारलं. म्हटलं, असेल दोन टनांच्या आसपास. तर म्हणते, “काका, मग ही झाड नाही ओढणार, आपल्याच ट्रॅक्टरला झाडाकडे घेऊन जाईल.” सेल्समनचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. मग तिने त्याला तासभर फैलावर घेतलं. दोर ड्रमवर खालून येतो की वरून, कारण वरून आला तर ओढताना ट्रॅक्टरची पुढची चाकं उचलतील. मागचं लोखंडी ब्लेड जमिनीत किती रुततं. चालवणाऱ्याच्या पाठीशी जाळी आहे का, म्हणजे तार तुटून आली तर त्याच्या डोक्यात बसायला नको. शेवटी चार टनांची ठरली. नव्या पद्धतीचा हलका दोर मिळतो, तुटला तरी फटका मारत नाही, तो घ्या म्हणत होती. मी म्हटलं, चांदीपचा दगड त्याला दोन दिवसांत कापून काढेल, आपल्याला तारेचाच हवा. एवढं एक माझं ऐकलं.

घोडं अडलं ते त्यानंतर. चार टनांतल्या दोन होत्या. एकीला क्लचची दोरी. म्हणजे ट्रॅक्टरपाशी उभा असलेला माणूस दोरी खेचतो तेव्हा ड्रम फिरतो, सोडली की थांबतो. दुसरीला रिमोट. तो कमरेला अडकवून माणूस स्वतः ओंडक्यापर्यंत जातो, साखळी बांधतो, बाजूला होतो आणि मग स्वतःच बटण दाबतो. सेल्समन म्हणाला, दोन जुनी माणसं जोडीने काम करत असतील तर दोरीवाली पुरते, एकाने हात दाखवायचा, दुसऱ्याने खेचायचं, सगळीकडे असंच चालतं. प्लासिड, मी त्या माणसावर असा ओरडलो की शेजारच्या शेडमधले फिटर बाहेर आले. त्या बिचाऱ्याचा काय दोष? मी म्हटलं, दोरीवाली नको, फुकट दिली तरी नको, आणि कारण विचारू नका. रोवेनाने रिमोटवालीची पावती करायला सांगितली.

परत येताना टेम्पोत तिने विचारलं, “काका, तेव्हा रिमोट असता तर पप्पांचा पाय वाचला असता ना?” मी हो म्हणालो. मग ती हसतच म्हणाली, पप्पा तर उलटं सांगतात. ज्या माणसाला स्वतःचा हात कधी वर गेला ते कळलं नाही, त्याच्याकडे बटण असतं तर दोन्ही पाय गेले असते, म्हणतात. आणि मला बजावतात, तू माझीच पोर, तुझाही हात माझ्यासारखाच, मशीनच्या जवळ जायचं नाही. हे सांगताना ती हसली खरी, पण मग विंचचं माहितीपत्रक उघडून पहिल्या पानापासून वाचायला लागली. मेकॅनिकलचा डिप्लोमा घेतलेली मुलगी ऑफिसात बसून पार्टच्या याद्या टाइप करते, कारण बापाने तिला सांगितलंय की आपल्या रक्तातच गफलत आहे. चांदीपला रिमोट कुणाच्या हातात द्यायचा म्हणशील तर मला तिच्याशिवाय कुणाचा भरवसा नाही. आणि तू तिला सोडणार नाहीस. तू का सोडणार नाहीस याचं खरं कारण फक्त मला ठाऊक आहे.

साखळी बांधल्यानंतरचं तुला काही आठवत नाही. म्हणजे त्या दिवसाबद्दल तू जे काही धरून बसला आहेस ते सगळं माझ्या तोंडून ऐकलेलं आहे. तेव्हा पुन्हा एकदा सांगतो, आणि या वेळी मधलं काही गाळत नाही.

तीन वर्षांपूर्वीचा जानेवारी. तुमच्या चर्चच्या मागच्या वाडीतली ती चिंच, आदल्या वर्षीच्या वादळात कललेली. कापून झाली होती, खोड बावखलाच्या काठाला, पाण्यालगत पडलं होतं. मध्ये मालकाची केळी होती, ती मोडायची नाही अशी त्याची अट. सरळ ओढता येत नव्हतं, म्हणून तू एका बुंध्याला कप्पी बांधलीस आणि दोर तिच्यावरून वळवून घेतलास. ट्रॅक्टर गल्लीत, मी ट्रॅक्टरवर, तू खोडापाशी. दोर असा वळवला की त्याच्या कोनात कुणी उभं राहायचं नाही, हा नियम तुझाच. दोर ताणला की ओंडका त्या बाजूला फिरतो, किती जणांना तू हे ओरडून ओरडून शिकवलंस. आपला इशाराही ठरलेला. इंजिनच्या आवाजात हाक ऐकू येत नाही, म्हणून तू आधी कोनाबाहेर जायचं, मग उजवा हात वर करायचा. दोन्ही झालं की मी लिव्हर ओढायचा. दोन्ही. वीस वर्षं आपण असंच केलं.

गल्ली तुला माहीत आहे, ट्रॅक्टर उभा केला की सायकलसुद्धा जात नाही. मागे एक टेम्पो आणि दोन रिक्षा अडकल्या होत्या. टेम्पोवाला हॉर्नवरचा हात काढत नव्हता. माझं डोकं आधीच तापट. मी मान वळवून त्याच्याशी भांडत होतो. तोंड इकडे वळवलं तेव्हा केळीच्या पानांवरून तुझा हात वर जाताना दिसला. खाली पानं होती, तू कुठे उभा आहेस ते दिसलं नाही. मी बघितलंही नाही. लिव्हर ओढला. दोर ताणला, खोड फिरलं आणि तुझा डावा पाय खोड आणि बावखलाची दगडी पाळ यांच्यामध्ये सापडला.

हॉस्पिटलात तिसऱ्या दिवशी तू डोळे उघडलेस. पाय घोट्याच्या वरून काढला होता. मला जवळ बोलावून एवढंच विचारलंस, “काशा, मी हात वर केला होता का रे?” मी म्हणालो, हो. तू म्हणालास, मग माझंच चुकलं. आणि डोळे मिटून घेतलेस. वहिनी पलीकडे उभ्या होत्या, त्यांनीही ऐकलं. मी तुझ्याशी खोटं बोललो नव्हतो, हात खरंच वर गेला होता. म्हणूनच ते इतकी वर्षं टिकलं. निव्वळ थाप असती तर महिन्याभरात माझ्या तोंडातून बाहेर पडली असती.

त्यानंतर तू जे केलंस ते मला जास्त जड गेलं. भेटायला येईल त्याला तू स्वतःहून सांगत सुटलास, माझीच चूक, काशाला कुणी बोलायचं नाही. वहिनी तुला बोलल्या, लोकांना नियम शिकवता आणि स्वतः कोनात उभे राहता. तू मान खाली घालून ऐकून घेतलंस. मी तिथेच खुर्चीवर बसून चहा पीत होतो. पहिल्या नाताळात सगळ्या पाहुण्यांसमोर तू म्हणालास, हा काशा धावत आला नसता तर मी आज इथे नसतो, आणि वहिनींनी फराळाची पहिली बशी माझ्या हातात दिली. मी खाल्ली. दर रविवारी तुझ्याकडे येत राहिलो, नवा पाय बसवताना ठाण्याला सोबत आलो, तुझ्या केळीला पाणी दिलं. लोक म्हणाले, दोस्त असावा तर असा. मला ते ऐकून बरं वाटायचं, ही त्यातली सगळ्यात वाईट गोष्ट.

आता जे सांगितलं नव्हतं ते. तू किंचाळलास तेव्हा मी आधी इंजिन बंद केलं. आवाज थांबला आणि चर्चची घंटा ऐकू आली. बाराची घंटा. तू जिथे असशील तिथे बाराला टोपी काढायचास, कपाळाला हात लावून क्रुसाची खूण करायचास आणि तुझी प्रार्थना म्हणायचास. मला ते माहीत नव्हतं असं म्हणायची सोयच नाही. वीस वर्षं मीच बाराला पाच मिनिटं कमी असताना इंजिन बंद करत आलो होतो. तू कधी सांगितलं नव्हतंस, मी कधी विचारलं नव्हतं. तू प्रार्थना म्हणायचास आणि मी डबे उघडायचो. त्या एका दिवशी मी बंद केलं नाही. टेम्पोवाल्याला दाखवायचं होतं की हा ओंडका काढल्याशिवाय मी इथून हलत नाही.

म्हणजे घंटा तुला ऐकू आली, मला नाही. तू साखळी बांधून उभा होतास, घंटा झाली, तू तिथल्या तिथे टोपी काढलीस आणि हात कपाळाला नेलास. कोनातून बाहेर पडायची घाई तुला का असावी? बारा वाजलेत, काशा आता काही ओढत नाही. तू इशारा केलाच नव्हतास, प्लासिड. मी पाहिला तो तुझ्या प्रार्थनेचा हात होता. आणि हे मला नंतर विचार करून नाही कळलं. ट्रॅक्टरवरून उतरून तुझ्यापर्यंत पोचेपर्यंत, त्या चाळीस पावलांत, मला सगळं कळलं होतं. तू पडला होतास आणि डाव्या मुठीत टोपी होती. इशारा देणारा माणूस टोपी हातात घेऊन देत नाही, हे कुणीही ओळखलं असतं. लोक केळीतून धावत येत होते. मी तुझ्या मुठीतून टोपी सोडवली आणि माझ्या खिशात घातली. पुढे तू टोपीची चौकशी केलीस तेव्हा बावखलात पडली असेल म्हणालो. माझ्याकडे आहे ती. मी भ्यालो होतो. याहून मोठं कारण शोधून सापडलं नाही. लोक मला काय म्हणतील, वहिनी काय म्हणतील, तू काय म्हणशील, याला भ्यालो आणि त्या भीतीचं ओझं तुझ्या डोक्यावर ठेवून मोकळा झालो.

एवढं सगळं अजूनही पोटात ठेवलं असतं मी, इतका कोडगा झालो होतो. पण गेल्या रविवारी तू चर्चमधली मिस्सा संपल्यावर रिक्षा करून, काठी टेकत माझ्या घरी आलास. अपघातानंतर पहिल्यांदाच तू माझ्याकडे आलास, एरवी मीच येतो. उपवासकाळ चालू आहे, ईस्टरच्या आधी फादरकडे पापाची कबुली द्यायची, पण त्याआधी तुझ्याकडे यायला हवं होतं, म्हणालास. माझ्या एका गफलतीने आपलं काम बंद पडलं, तीन वर्षं तुला त्या लिव्हरचं ओझं वाहावं लागलं, काशा, मला माफ कर. मंदा पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होती. आणि मी, प्लासिड, तुझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, माफ केलं. तू लहान मुलासारखा रडलास. तू गेल्यावर मंदाने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि दार लावून विचारलं, काय आहे ते सांगा. तिला सांगितलं, तिच्यानंतर आता तुला. ती माफी मी परत घ्यायला लिहितोय, कारण ती द्यायचा मला काडीचा हक्क नव्हता. फादरला सांगायला जाशील तेव्हा त्या दिवसाबद्दल तुझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही. तुझी माफी मात्र मी कागदावर मागत नाही. तू आलास तसा तुझ्या दारी येऊन मागेन, तू ये म्हणालास तर. हे पत्र रोवेनाच्या हाती देतोय आणि पाकीट चिकटवलेलं नाही. तिला सांगितलंय, आधी तू वाच, मग पप्पांना दे. मंगळवारी चांदीपला पहिला ओंडका ओढायचा आहे. तिला पाठवायचं नसेल तर नको पाठवूस, मी पुन्हा विषय काढणार नाही. पण तिला नाही म्हणताना तुझ्या हाताचं कारण सांगू नकोस. माझं नाव सांग.

तुझाच म्हणवून घ्यायची आज छाती होत नाही, तरी तुझाच,
काशिनाथ